कल्पित जगातील निसर्गदेवतांची शासनसभा कशी उभारावी

कल्पित जग रचायला बसलेला लेखक निसर्गदेवतांची सभा मांडू लागला की बहुधा यादीपासून सुरुवात करतो: एक अग्नीचा देव, एक पाण्याची देवी, एक वारा, एक पृथ्वी, आणि प्रत्येकाला एक रंग, एक शस्त्र, एक स्वभाव. यादी पुरी होते, पण सभा उभी राहत नाही, कारण यादीतल्या कोणालाच दुसऱ्याची गरज नसते. ज्यांना एकमेकांवाचून आपले काम तडीस नेता येत नाही आणि तरीही एकमेकांचे म्हणणे पटत नाही, त्यांनाच एकत्र बसून राज्य चालवावे लागते. म्हणून नावे, रूपे आणि वाहने ठरवण्याआधी या देवतांची आपसांतली देणी-घेणी ठरवावीत, असा माझा आग्रह आहे. कादंबरी लिहायची असो वा मित्रांबरोबर भूमिकाखेळ मांडायचा असो, पुढचा सगळा आराखडा त्यावरच उभा राहतो.

देण्याघेण्याची वही

एका मोठ्या कागदावर तुमच्या जगातील सहा-सात नैसर्गिक शक्ती वर्तुळात लिहा आणि कोणाकडून कोणाला काय मिळते, हे दाखवणारे बाण काढा. हा कागद म्हणजेच तुमची वही. हे बाण केवळ कल्पनेने काढू नका. खऱ्या निसर्गातले व्यवहार आधी पाहा, कारण ते आपल्या कल्पनेपेक्षा बहुधा अधिक विचित्र असतात. सहारा वाळवंटातील धूळ वाऱ्यावर अटलांटिक महासागर ओलांडते आणि ॲमेझॉनच्या जंगलावर पडते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहाच्या मोजणीवर आधारलेल्या अंदाजानुसार या धुळीतून जंगलाला दरवर्षी सुमारे २२,००० टन फॉस्फरस मिळतो, आणि पावसापुराने तिथल्या जमिनीतून जेवढा वाहून जातो, त्याची ती जवळपास भरपाई असते. याचा अर्थ असा की सर्वांत हिरवी देवी सर्वांत रुक्ष देवाची ऋणी आहे. ही एक ओळ वहीत आली की वाळवंटाचा देव खलनायक उरत नाही. तो धनको होतो, आणि सभेत अरण्यदेवीला त्याच्याशी सांभाळून बोलावे लागते.

दुसरे उदाहरण वणव्याचे. जायंट सेक्वोया या महावृक्षाचे शंकू, म्हणजे बी धरणारी त्याची लाकडी फळे, झाडावर वर्षानुवर्षे मिटलेले राहू शकतात. आगीच्या उष्णतेने ते वाळून उघडतात, बी खाली पडते, आणि आगीनेच पालापाचोळा जाळून मोकळ्या केलेल्या, उजेड पोहोचणाऱ्या मातीत रोपे धरतात. विसाव्या शतकात माणसांनी त्या जंगलांतली प्रत्येक आग विझवण्याचे धोरण ठेवले, तेव्हा नवी रोपे उगवणे रोडावले. अशा जंगलात वणव्याचा देव हा अरण्यदेवीचा शत्रूही आहे आणि तिच्या लेकरांची सुईणही आहे. सभेत ती त्याच्याविरुद्ध मत देईल का, हा प्रश्न तुम्हाला मुद्दाम शोधावा लागत नाही. वहीतल्या दोन उलटसुलट बाणांतून तो आपोआप समोर येतो.

कुजण्याच्या देवतेला विसरू नका. बुरशी, कीटक आणि सूक्ष्मजीव यांच्या कामाशिवाय मेलेले झाड मातीत परतत नाही, म्हणजे या वहीत तिचे देणे प्रत्येकाच्या नावावर निघते. तरीही बहुतेक कल्पित देवसभांमध्ये तिला जागाच नसते किंवा ती मृत्यूच्या देवाची दासी असते. मला ही फार मोठी गमावलेली संधी वाटते. जिच्याकडे कोणी आदराने पाहत नाही, पण जिचे काम थांबले तर सगळ्यांचेच थांबते, अशी सदस्या सभेत असली की राजकारणाला खरी धार येते.

वही भरली की प्रत्येक बाणावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारा: हे देणे एक वर्ष थांबले तर काय होईल? एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, आणि त्याने वातावरणात उंच फेकलेल्या गंधकयुक्त कणांमुळे पुढच्या वर्षी युरोपात व उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात उन्हाळा जणू आलाच नाही, पिके बुडाली, धान्याचे भाव चढले. एका पर्वताच्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्या खंडावरच्या शेतकऱ्याने भोगला. तुमच्या सभेत असा सदस्य असेल, जो क्वचित बोलतो आणि ज्याला कोणाच्या बहुमताची गरज नाही, तर बाकीच्यांनी त्याच्याशी कोणता करार केला आहे, हे आत्ताच लिहून ठेवा.

आसन कोणाचे आणि कशाच्या जोरावर

सदस्यसंख्या पाच ते नऊच्या आसपास ठेवावी. त्याहून अधिक झाली की वाचक चेहरे विसरतो. ती संख्या विषमच हवी, असे मुळीच नाही, उलट समसमान मते पडण्याची शक्यता कथेच्या फायद्याचीच असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अधिकार आला कुठून, हे ठरवणे. ग्रीक पुराणकथेत तीन भाऊ चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतात: झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, हेडीसला पाताळ, पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत मात्र तिघांच्या सामाईक मालकीचे राहतात. भांडण पेटते ते नेमके या सामाईक भागावर, आणि झ्यूस हुकूम सोडू लागला की पोसायडन त्याला वाटणीची आठवण करून देतो. मेसोपोटेमियाच्या कथेत तियामत या आदिसागराच्या देवीच्या भीतीने गांगरलेले देव मेजवानीला जमतात आणि मार्दुक या देवाला राजपद देतात. युद्धाला उभे राहण्याची किंमत म्हणून त्याने ते आधीच मागितलेले असते. पहिल्या सभेत अधिकार नशिबाने आला, दुसरीत संकटाच्या मोबदल्यात. या दोन सभांचा स्वभाव कधीच सारखा असणार नाही.

तिसरा मार्ग आपल्याच पुराणांत आहे, आणि कल्पित जगासाठी तो मला सर्वांत सकस वाटतो. पुराणांच्या मते इंद्र हे पद आहे: प्रत्येक मन्वंतरात, म्हणजे एका मनूच्या कालखंडात, इंद्र वेगळा असतो, आणि पुढच्या मन्वंतरात बळी त्या आसनावर बसणार आहे. आसन कायम, बसणारा बदलता. त्यामुळेच कोणी कठोर तप करू लागला की इंद्रासन डळमळते आणि इंद्र अप्सरा धाडतो. तुमच्या सभेत पर्जन्याचे आसन असे बदलते ठेवले, तर आजच्या पर्जन्यदेवाची प्रत्येक कृती आसन टिकवण्याच्या काळजीशी जोडली जाईल. वरुणाचा प्रवासही लक्षात घेण्याजोगा आहे. ऋग्वेदात ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, रक्षक असलेला हा देव पुढच्या काळात मुख्यतः जलाधिपती म्हणून उरतो. एखाद्या देवाचे खाते असे शतकानुशतके आकसत गेले असेल, तर जुन्या अधिकाराची त्याची आठवण सभेत कशी डोकावते, हे लिहून पाहा.

बैठक, शपथ आणि शिक्षा

बैठकीचे ठिकाण आणि वेळ ठरवताना एक साधी गोष्ट विसरली जाते: देव सभेला गेले की त्यांच्या मूळ ठिकाणी कोण असते? जपानी परंपरेनुसार जुन्या चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात देव इझुमो येथे जमतात, म्हणून देशात इतरत्र तो ‘देवांविना महिना’ मानला जातो आणि इझुमोत मात्र ‘देव असलेला महिना’. ही कल्पना उसनी न घेता तिच्यामागचा तर्क घ्या. वाऱ्याचा देव सभेत असताना शिडाची जहाजे जिथल्या तिथे थांबतील का, आणि नावाड्यांनी त्या दिवसांसाठी कोणते नियम केले असतील? उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स कथांत देव रोज विश्ववृक्षाखालच्या उर्दच्या विहिरीपाशी न्यायनिवाड्यासाठी जातात. बाकीचे घोड्यांवरून जातात, तर मेघगर्जनेचा देव थॉर नद्या पायी ओलांडून येतो. कोण कसा पोहोचतो, एवढ्या तपशिलातूनही सदस्यांमधले अंतर कळते.

गणपूर्ती, मतदान आणि नकाराधिकार यांचे नियम मोजकेच ठेवा. दोन-तीन पुरे आहेत, मात्र ते कधीही सोयीनुसार वाकवू नका. शिक्षेचा विचार मात्र सविस्तर करावा लागतो, कारण मरण नसलेल्याला धाक कशाचा दाखवणार? ग्रीक परंपरेत स्टिक्स नदीच्या पाण्याची शपथ मोडणारा देव एक वर्ष श्वासाविना निपचित पडून राहतो आणि त्यानंतर नऊ वर्षे त्याला देवांच्या सभांना व मेजवान्यांना मज्जाव असतो. अमरांसाठी बहिष्कार ही जबरदस्त शिक्षा आहे, आणि निसर्गदेवतांच्या बाबतीत तिचा फटका माणसांनाही बसतो: नदीदेवीला नऊ वर्षे सभेबाहेर ठेवले, तर तिच्या पाण्याच्या वाट्याबद्दल बोलणारे तिथे कोणीच नसते.

पळवाटाही नियमांइतक्याच काळजीने घडवा. मेसोपोटेमियातल्या महापुराच्या कथेत देवांची सभा मानवजात बुडवण्याचा निर्णय घेते आणि हा बेत माणसांना कळू नये, म्हणून सगळ्यांना शपथ घालते. एआ हा देव माणसाशी बोलत नाही. तो त्याच्या झोपडीच्या वेताच्या भिंतीशी बोलतो, आणि भिंतीपलीकडचा माणूस ते ऐकून नौका बांधतो. शब्दशः पाहिले तर शपथ अभंग राहते. तुमच्या सभेचा एखादा नियम असा असावा की तो तंतोतंत पाळूनही त्याचा हेतू उधळता येईल.

सीमेवरची प्रकरणे

देवतांची राज्ये नकाशावर रंगवून मोकळे होऊ नका, कारण निसर्गात ठळक रेषा फार थोड्या असतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि बहुतेक किनाऱ्यांवर ती दिवसातून दोनदा येते. म्हणजे समुद्रदेव आणि भूमिदेवी यांच्यातली हद्द दररोज चार वेळा हात बदलते. त्या पट्ट्यात राहणाऱ्या खेकड्याने नवस कोणाला बोलावा? धुके पाण्याचे की हवेचे, बर्फ पर्वताचा की पर्जन्याचा, गरम झऱ्यावर हक्क भूगर्भातल्या अग्नीचा की नदीचा, यांपैकी निदान दोन वाद सभेने निकालात काढलेले असावेत आणि एक पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळलेला असावा. त्या रेंगाळलेल्या वादाच्या जागीच तुमची कथा सुरू करा, असे मी सुचवेन, कारण तिथल्या माणसांना दोन्हीकडचा कर भरावा लागत असतो आणि संरक्षण एकाकडूनही मिळत नसते.

एक बैठक लिहून पाहा

आराखडा पुरा झाला आहे का, हे ओळखण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एकाच ठरावावरची एक बैठक सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिणे. ठराव असा घ्या: नदीला आपले पात्र बदलायचे आहे. खऱ्या नद्याही हे करतात. बिहारमधील कोसी गेल्या दोन-अडीच शतकांत १०० किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकली, कारण हिमालयातून आणलेला गाळ ती आपल्याच पात्रात साचवत जाते. तुमच्या सभेत नदीदेवी म्हणेल की पर्वताने टाकलेल्या गाळाने तिचा श्वास कोंडला आहे. पर्वत म्हणेल की पाऊस त्याला झिजवतो, गाळ हा काही त्याचा निर्णय नव्हे. पर्जन्यदेव समुद्राकडे बोट दाखवेल. आणि कुजण्याची देवता एवढेच विचारेल की जुन्या पात्राकाठच्या मेलेल्या जंगलाची व्यवस्था कोणत्या वर्षात करायची. प्रत्येकाचे बोलणे वहीतल्या एखाद्या बाणापाशी पोहोचले पाहिजे. एखादा सदस्य केवळ स्वभावामुळे बोलतो आहे असे दिसले, म्हणजे वणव्याचा देव निव्वळ तापट म्हणून ओरडतो आहे असे वाटले, तर त्याचे देणे-घेणे अजून नीट ठरलेले नाही, असे समजून वहीकडे परत जा.

शेवटी या बैठकीचे इतिवृत्त कुठे राहते, हे ठरवा. माणसांना देव दिसत नसतील, तर त्यांना सभेचे निर्णय फक्त निसर्गातल्या खुणांवरून कळतील, आणि अशा खुणा खरोखर असतात: झाडाच्या खोडातील वलये चांगली आणि वाईट वर्षे नोंदवतात, तळ्याच्या तळाशी गाळाचे थर साचतात, आणि अंटार्क्टिकामधून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यांत, म्हणजे खोलवर छिद्र पाडून काढलेल्या बर्फाच्या लांब कांड्यांत, सुमारे ८,००,००० वर्षांच्या हवामानाची नोंद सापडली आहे. तुमच्या जगात ही वलये आणि हे थर वाचणाऱ्यांचा एक वर्ग निर्माण करा, त्यांना एका जुन्या, अरुंद वलयापाशी नेऊन उभे करा, आणि त्या वर्षीच्या ठरावाच्या बाजूने कोणी मत दिले होते, हे त्यांना शोधू द्या.