टी पेशी फ्लूचा विषाणू कसा ओळखतात? या चुका टाळा

टी पेशींवरचं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरचं, उत्तर लिहिताना किंवा त्यांची चाचणी लावताना होणारे बहुतेक गोंधळ एकाच समजुतीतून येतात: टी पेशीला विषाणू दिसतो. तिला तो दिसतच नाही. अखंड प्रथिनाचा आकार ओळखणं हे अँटिबॉडीचं काम. टी पेशीला कळतो तो प्रथिनाचा तुकडा, आणि तोही दुसऱ्या पेशीने एचएलए रेणूच्या (पेशीच्या पृष्ठभागावरचा, माणसागणिक वेगळ्या प्रकारचा रेणू) खाचेत धरून दाखवला तरच.

म्हणून ‘हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन विषाणूच्या बाहेरच्या बाजूला असतं, तेव्हा टी पेशींचं लक्ष्य तेच’ हे उत्तर चुकतं. बाधित पेशीत विषाणूची सगळीच प्रथिनं तयार होतात आणि प्रोटिएझोम हे पेशीतलं प्रथिनं कापणारं यंत्र त्यांचे तुकडे पाडतं. अलेन टाउनसेंड यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवलं, की विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओप्रोटीन या प्रथिनाचे छोटे कृत्रिम पेप्टाइड (तुकडे) दिले तरी मारक टी पेशी लक्ष्य ओळखतात. ही आतली प्रथिनं हिमॅग्लुटिनिनपेक्षा कमी बदलतात, म्हणून एका उपप्रकाराविरुद्ध तयार झालेल्या टी पेशी दुसऱ्यावरही चालू शकतात. पण कमी बदलतात म्हणजे बदलतच नाहीत, असं नव्हे. न्यूक्लिओप्रोटीनमध्ये ३८४ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लायसिन आलं, की एचएलए-बी२७ या एचएलए प्रकारावर बसणारा तुकडा तिथे टिकत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक एचएलएची. विषाणूच्या आतल्या मॅट्रिक्स प्रथिनाचा ५८ ते ६६ हा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा पुस्तकांत सर्वत्र भेटतो, पण तो एचएलए-ए२ वर बसतो. ज्याच्याकडे ए२ नाही, त्याच्या रक्तात या तुकड्याचा टेट्रामर (एचएलए व तुकडा जोडून केलेला, नेमक्या टी पेशींना चिकटणारा चाचणी-रेणू) काही दाखवणार नाही. त्यावरून ‘फ्लूविरुद्ध टी पेशी नाहीत’ असं लिहिणं हा त्या नमुन्यावर अन्याय आहे. आधी एचएलए प्रकार तपासा. तो माहीत नसेल, तर संपूर्ण प्रथिन व्यापणाऱ्या, एकमेकांवर चढणाऱ्या पेप्टाइडांचा संच वापरा.

चाचणीत सीडी८ (मारक) टी पेशी गप्प आणि सीडी४ (मदतनीस) टी पेशी जाग्या, असं दिसलं तर नमुन्यात काय मिसळलं होतं ते पाहा. बाहेरून टाकलेलं अखंड प्रथिन बहुतांशी वर्ग २ च्या, म्हणजे सीडी४ पेशींना तुकडे दाखवणाऱ्या एचएलएच्या, वाटेने जातं. सीडी८ साठी ८ ते १० अमिनो आम्लांचे पेप्टाइड द्या किंवा पेशींना जिवंत विषाणूची लागण करा. गोठवलेल्या पेशी वितळवल्या असतील, तर चाचणीआधी त्यांना रात्रभर विसावू द्या.

आणि रक्तात काही सापडलं नाही, तरी फुप्फुसात ठाण मांडलेल्या स्मृती टी पेशी असू शकतात; त्या रक्ताच्या नमुन्यात येत नाहीत.