तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात वेळ कसा वापरावा

उएनो बागेतलं हे संग्रहालय १८७२ सालचं. एकाच आवारात अनेक इमारती आहेत. सगळं बघायच्या नादात पाय दुखतात आणि हाती काही लागत नाही, त्यामुळे आधीच निवड करा. सोमवारी सहसा बंद असतं. सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी.

सुरुवात होनकानच्या, म्हणजे मुख्य इमारतीच्या, दुसऱ्या मजल्यापासून करा. जपानी कला तिथे जोमोन या प्रागैतिहासिक काळातल्या मातीकामापासून कालक्रमाने मांडली आहे. तलवारी, लाखकाम वगैरे खालच्या मजल्यावर. चित्रं आणि किमोनो उजेडाने खराब होतात म्हणून ठरावीक काळाने बदलतात. एखादं नावाजलेलं चित्र बघायचंच असेल तर ते सध्या मांडलंय का, हे संकेतस्थळावर पाहूनच निघा.

गांधार शैलीतले बुद्ध तोयोकानमध्ये, म्हणजे आशियाई कलेच्या इमारतीत, आहेत. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या जवळून बघा, ग्रीक वळण लगेच कळतं. माझ्या मते मात्र खरी चैन म्हणजे होर्यूजी या नाराजवळच्या जुन्या बौद्ध मंदिरातल्या वस्तूंचं दालन. अंधाऱ्या खोलीत काचेच्या पेट्यांत सोन्याचा मुलामा दिलेल्या छोट्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. पेटीला वळसा घालून मूर्तीची पाठही बघा. गर्दीही इथे बेताचीच असते.