पावसात बाइक चालवताना पाय कोरडे राहण्यासाठी

बूट ओले झाले की आपण आधी बुटालाच शिव्या घालतो आणि नवा ‘वॉटरप्रूफ’ जोड शोधायला लागतो. पण बऱ्याचदा बूट बिचारा निर्दोष असतो, पाणी वरून उतरलेलं असतं. खात्री करून घेणं सोपं आहे. घमेल्यात घोट्याच्या दोन बोटं खाली राहील एवढं पाणी घ्या, मोज्यावर कोरडा टिश्यू पेपर ठेवून बूट घाला आणि पाच मिनिटं त्यात उभे राहा. मधूनमधून चवडा वाकवा, कारण शिवण आणि सोलचा जोड वाकल्यावरच उघडतो. टिश्यू कोरडा निघाला तर बुटावर पैसे घालवू नका, रेनपँट बघा.

वरून पाणी यायच्या वाटा दोन. गाडीवर बसल्यावर मांड्या आणि टाकीच्या बेचक्यात रेनकोटवर पाणी साचतं. रेनपँटच्या मधल्या शिवणीची आतली टेप सुटली असेल तर ते आत झिरपतं, जीन्स ते शोषून घेते आणि हळूहळू मोज्यापर्यंत पोचवते. म्हणून लांबच्या प्रवासात आत जीन्स नकोच, पातळ ट्रॅकपँट बरी. दुसरी वाट म्हणजे पँटची खालची कड. गुडघा वाकला की ती तीन-चार इंच वर सरकते आणि सगळी धार थेट बुटाच्या तोंडात पडते. त्यामुळे दुकानात उभ्याने माप बघून काही कळत नाही. बूट घालून स्टुलावर बसा, गुडघे काटकोनात वाकवा. तरीही कड बुटाच्या तोंडाच्या चार बोटं खाली आली पाहिजे. नाही आली तर एक साइज मोठी घ्या.

एवढं करूनही वाऱ्याने पँट वर चढतेच. त्यावर उपाय म्हणजे तळव्याखालून जाणारा पट्टा. 1 इंच रुंदीचं इलॅस्टिक घ्या, बूट घालून माप घ्या आणि दोन्ही टोकं पँटच्या अगदी खालच्या कडेला शिवून घ्या. सुईची भोकं वर पडली तर तिथून पाणी येईल. पट्टा टाचेच्या लगेच पुढच्या खोलगट भागात बसला पाहिजे, चवड्याखाली आला तर फूटरेस्टवर पाय सरकतो. पँटचा घेर घोट्याशी वेलक्रोने आवळा. मोकळी कड तापलेल्या सायलेन्सरच्या बेंडला चिकटली की क्षणात भोक पडतं.

पँट नेहमी बुटाच्या बाहेर. गमबुटात पँट खोचून ऐटीत निघालेले लोक दर पावसाळ्यात दिसतात. त्यांचे गमबूट आतून भरतात, आणि गमबुटातून पाणी बाहेर जायला वाटच नसते. बुटावरून रेनपँट चढत नसेल तर बुटाला एक कॅरीबॅग घाला, पाय सरकन जातो. हे सगळं पहिला थेंब पडायच्या आधी करायचं. भिजलेल्या मोज्यांवर चढवलेली रेनपँट फक्त ओलावा कोंडून ठेवते.

गमबूट स्वस्त आणि पक्का उपाय आहे, पण नाक जाड असल्याने तो गिअरखाली जात नाही. टाच-चवडा असा दुहेरी लिव्हर असेल तर सहसा अडत नाही. एकेरी लिव्हर असेल तर गॅरेजमध्ये तो एक दात वर करून घ्या. सोल जाड असल्याने मागच्या ब्रेकचाही अंदाज चुकतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर आधी दोन-तीनदा दाबून बघा. सोल घासून गुळगुळीत झालेला गमबूट सिग्नलला पाय टेकताना हमखास घसरतो. तो शेतात वापरा, गाडीवर नको.

बुटावर चढवायची रबरी कव्हरं आधी डाव्या चवड्यावर फाटतात, कारण गिअर तिथे घासतो. नवीन असतानाच तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवा. कव्हर रबरी नसून सिलिकॉनचं असेल तर हे सोल्यूशन धरत नाही.

अचानक गाठलंच तर प्लास्टिकची पिशवी. ती बुटाच्या आत, मोज्यावर घालायची. बाहेरून बांधली तर फूटरेस्टवर घसरते, फाटते आणि सुटून चेनमध्ये जाऊ शकते. तासाभराने घामाने मोजा दमट होतो, पण गार पाण्यात भिजण्यापेक्षा ते परवडलं.

पुढच्या चाकाचा फवारा हा वेगळाच प्रकार. पावसापेक्षा तोच नडगी आणि चवडा जास्त भिजवतो. पुढचं मडगार्ड आखूड असेल तर खाली रबरी फ्लॅप लावा, चाक वळवून आणि शॉकअप दाबून तो कुठे घासत नाही ना ते बघा. लेगगार्डला फ्लेक्स बांधायची आपल्याकडची युक्ती खरंच चालते, फक्त ती दोन्ही बाजूंनाच बांधा. एअरकूल्ड इंजिनसमोर आडवा फ्लेक्स लावला तर वारा अडतो आणि इंजिन तापतं.

ऑफिस पाच-सहा किलोमीटरवर असेल तर एवढा खटाटोप कशाला? मागे पट्टा असलेली रबरी सँडल घाला, बूट-मोजे आणि छोटा नॅपकिन पिशवीत बांधून न्या. स्लीपर मात्र नको, ती गिअर टाकताना निसटते.

भिजलेले बूट शेगडीजवळ वाळवले की सोलचा गोंद सुटतो आणि चामडं तडकतं. आतला सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि पंख्याखाली ठेवा. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, चिखल्या तिथूनच सुरू होतात. मधुमेह असलेल्यांनी तिथली भेग किंवा पांढरी पडलेली कातडी अंगावर काढू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावी.