विसार देण्याआधी: घराच्या सौद्यात कोणता खर्च कुणाचा

नाशिकच्या इंदिरानगरात जुना फ्लॅट 60 लाखांना ठरला, म्हणून 60 लाखांचीच जुळवाजुळव करून बसलात तर नोंदणीच्या आठवड्यात मेव्हण्याला फोन करायची वेळ येईल. वरचे चार-साडेचार लाख कुठून आणायचे आणि त्यातले कुणी किती भरायचे, हे विसार देण्याआधी ठरवून घ्या. एकदा विसार हातातून गेला की घेणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो.

म्हणून पहिलं काम विसारपावतीचं. पावतीत बऱ्याचदा एकच ओळ असते, 'सर्व खर्च खरेदीदाराने करावा', आणि पुढची सगळी कटकट त्या 'सर्व' शब्दात असते. ती ओळ खोडायला लावा, एकेक खर्च नाव घेऊन लिहा. काहीच लिहिलं नसेल तर कायद्याचं उत्तर आहे: महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे खरेदीखताचा मुद्रांक घेणाऱ्याने भरायचा, आणि 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्याची, मालकी आल्यानंतरची घेणाऱ्याची. महापालिकेची घरपट्टी-पाणीपट्टी त्या तारखेवर तोडायची. पण दोघांनी वेगळं ठरवलं तर तेच चालतं. म्हणजे त्या 'सर्व खर्च' च्या आडून मागची थकलेली घरपट्टीही तुमच्या गळ्यात घालायचा प्रयत्न होऊ शकतो. घरपट्टीची शेवटची पावती विसाराच्या दिवशीच बघा.

आता मोठा आकडा. नाशिक महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के, वर स्थानिक संस्थेचा 1 टक्का अधिभार, म्हणजे 60 लाखांवर 3,60,000. व्यवहाराची किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराने येणारी, किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर हे लागतं, तेव्हा आपल्या विभागाचा सरकारी दर आधी काढून ठेवा. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर जात नाही. घर फक्त बाईमाणसाच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, इथे 60,000 वाचतात. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की ती मिळत नाही. मात्र कर्ज नवऱ्याच्या पगारावर असेल तर घाई नको: मालकीत नाव नसेल तर त्याला जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट घेता येत नाही. दोन्हीकडचा हिशोब सीएकडून एकदा मांडून घ्या.

टीडीएसवर, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकरावर, सगळ्यात जास्त गैरसमज. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का कापून तुम्हीच सरकारात भरायचा, पण तो पैसा विकणाऱ्याचा. आपल्या उदाहरणात 60,000 त्याच्या रकमेतून वजा होतात, तुमच्या खिशातून जादा जात नाहीत. विकणारे काका 'आमचे पूर्ण 60 द्या, ते टीडीएस-बीडीएस तुमचं तुम्ही बघा' म्हणाले तर शांतपणे समजावून सांगा की हा त्यांचाच आगाऊ भरलेला कर आहे, विवरणपत्र भरताना त्यांना धरता येतो. भरला नाही तर नोटीस मात्र तुम्हाला येते. त्यांचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का, हेही आधीच तपासा, नाहीतर कपात 20 टक्क्यांनी करावी लागते. विकणारा परदेशात स्थायिक असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागू नाही, नियम वेगळा आणि कपात बरीच मोठी. नाशिकची कितीतरी मुलं तिकडे आहेत आणि इथले फ्लॅट विकायला काढतात, म्हणून सांगितलं.

मग सोसायटी. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायला सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त 25,000, आणि ते कुणी द्यायचं हे दोघांनी ठरवायचं. निम्मं-निम्मं करणं मला रास्त वाटतं. त्यावर 'विकास निधी' म्हणून आमच्याकडे जादा पैसे मागितले होते. नियम दाखवा म्हटल्यावर सेक्रेटरींनी विषय बदलला आणि चहा मागवला. विकणाऱ्याची मेंटेनन्सची थकबाकी त्यानेच भरायची, ना-देय दाखला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोसायटी नसून अपार्टमेंट असेल तर त्यांचं घोषणापत्र, म्हणजे इमारतीचे नियम लिहिलेला कागद, मागून घ्या. सिडकोतलं घर असेल तर ते मूळ भाडेपट्ट्यावर दिलेलं. कागद अजून तसाच आहे का, आणि परवानगीचं शुल्क कोण भरणार, हे पावतीत लिहा.

विकणाऱ्याचं कर्ज, ते फेडण्याचा खर्च, बँकेचं मुक्तिपत्र आणि भांडवली नफ्यावरचा कर हे सगळं त्याचं. वकिलाचा 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी), तुमच्या कर्जाची प्रोसेसिंग फी, गहाणाचा मुद्रांक आणि 30 दिवसांत करायची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर बँकेकडे गहाण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) हे तुमचं. दलाली ज्याची त्याने द्यायची, पण टक्का आधी ठरवा, पेढे वाटल्यावर नको.

नवीन बांधकाम घेत असाल तर बिल्डरच्या 'ऑल इन्क्लुझिव्ह' चा अर्थ कागदावर मागा. त्यात जीएसटी आहे का? बांधकाम चालू असलेल्या घरावर तो 5 टक्के, आणि 45 लाखांपर्यंतच्या, 90 चौरस मीटरच्या आत चटई क्षेत्र असलेल्या घरावर नाशकात 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलं तर शून्य. वीज मीटर, सोसायटी स्थापना आणि आगाऊ मेंटेनन्स वेगळे विचारा. नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याप्रमाणे त्याला घेता येत नाही. ताबा देईपर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टीही त्याचीच.

किल्ली हातात घ्यायच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा फोटो काढा, रीडिंग दिसेल असा, आणि विकणाऱ्याला तिथल्या तिथे पाठवा.