जंगलातली जुनी रेंजर केबिन भाड्याने कशी घ्यावी: बुकिंगपासून कुलूप लावेपर्यंत

अमेरिकेतल्या सिएटल शहरातून निघून हूड कनाल या समुद्राच्या फाट्याच्या काठावरचं ब्रिनन गाव गाठलं, की गावाच्या जवळच डकाबुश नदीच्या बाजूने आत जाणारा रस्ता लागतो. त्या रस्त्याने साधारण चार मैल गेल्यावर उंच झाडांच्या सावलीत ओंडक्यांची एक केबिन दिसते. घर चौकोनी, छप्पर चारही बाजूंना उतरतं. नाव इंटरोरेम, बांधकाम १९०७ चं. अमेरिकेची फॉरेस्ट सर्व्हिस सुरू झाली १९०५ मध्ये, म्हणजे खातं जेमतेम दोन वर्षांचं असताना उभं राहिलेलं हे घर. पहिला रेंजर इथे आपल्या नव्या नवरीला घेऊन राहायला आला होता. आज त्याच घरात आपल्याला मुक्काम करता येतो.

मेळघाटात कोलकासला राहिलेल्यांना वनविश्रामगृह माहीत असतं. इथे मात्र खानसामा नसतो, चौकीदारही नसतो. कुलूप उघडल्यापासून परत लावेपर्यंत घर तुमच्या हवाली असतं. एवढं एक ध्यानात ठेवलं, की पुढची सगळी तयारी त्यातूनच सुचत जाते.

सुरुवात बुकिंगपासून. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर आधी खातं उघडून ठेवा. बऱ्याच केबिनचं बुकिंग सहा महिने आधी, त्या त्या तारखेला खुलं होतं, पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी सात वाजता. उन्हाळ्यातले शुक्रवार-शनिवार बघता बघता जातात. मी तर सांगेन, ऑक्टोबरातला मंगळवार-बुधवार घ्या. पावसात भिजलेलं, ही केबिन आहे ते ऑलिम्पिक नावाचं जंगल बघायचं असेल तर गर्दी नसलेले दिवसच बरे. इंटरोरेम मिळाली नाही तर त्याच जंगलात हामा हामा आहे, १९३०च्या दशकात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून बांधलेली. ओरेगन, आयडाहो, मोंटानातही अशा केबिन आणि वणव्यावर नजर ठेवायचे जुने टेहळणी मनोरे भाड्याने मिळतात.

पैसे भरण्याआधी त्या केबिनचं पान शेवटपर्यंत वाचा. किती माणसांची परवानगी आहे, ऊब लाकडाच्या शेगडीची की गॅसची, संडास किती लांब, हिवाळ्यात गाडी दारापर्यंत जाते की शेवटचे काही मैल बर्फातून चालायचं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर रात्री टॉर्च घेऊन बाहेरच्या संडासापर्यंत त्यांना जमेल का, हा विचार आधी करा. बेत रद्द करायची वेळ आली तर किमान १४ दिवस आधी करा. उशीर केलात तर पहिल्या रात्रीचं भाडंही हातचं जातं. भाडं देताना मात्र मन खट्टू करू नका. २००४ च्या कायद्यानुसार अशा शुल्कातला किमान ८० टक्के वाटा जिथे जमा झाला तिथेच खर्चायचा असतो, म्हणजे तुमच्या पैशातून या घरांच्या डागडुजीला हातभार लागतो.

केबिनचं कुलूप उघडायचा आकडा कागदावर लिहून घ्या. पहिल्या खेपेला मी तो ईमेलमध्येच ठेवला होता. दारात उभं राहिल्यावर फोनला रेंज नाही, मुलं पेंगुळलेली, पाऊस सुरू. आकडा बघायला गाडी परत हायवेपर्यंत न्यावी लागली. नकाशाही घरूनच डाउनलोड करून ठेवा.

सामानात सगळ्यात जड असतं पाणी. नळ नाही असं गृहीत धरून माणशी, दिवसाला चार लिटर न्या. नदीचं पाणी प्यायची वेळ आली तर खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळा, ६,५०० फुटांच्या वर असाल तर तीन मिनिटं. स्लीपिंग बॅग, उशा, टॉर्च, काडेपेटी, भांडी घासायचा साबण, टॉयलेट पेपर आणि कचऱ्याच्या पिशव्या घ्या. सरपण मात्र घरून नेऊ नका. लाकडातून झाडं पोखरणारी कीड एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाते. केबिनच्या जवळपासच विकत घ्या.

आत गेल्यावर सामान टाकण्याआधी ओटा आणि कोपरे बघा. जुन्या घरात उंदीर येणारच. लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका, कारण इथल्या डिअर माउस जातीच्या उंदरांमुळे हंताव्हायरस या विषाणूचा गंभीर आजार होऊ शकतो आणि तो विषाणू उडालेल्या धुळीतून श्वासात जातो. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. मग हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या आणि कागदाने टिपून घ्या.

लाकडाची शेगडी असेल तर घाई करू नका. आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडा. तळाशी चुरगळलेला कागद, त्यावर बोटाएवढ्या जाडीच्या काटक्या, आणि त्या तडतडायला लागल्या की मगच मनगटाएवढं लाकूड. झडप बंद राहिली तर पाच मिनिटांत खोलीभर धूर कोंडतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. स्वयंपाक साधाच ठेवा, मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड. खरकटं बाहेर ठेवू नका, या जंगलात काळी अस्वलं आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजर होलकडे चालत जा. पायवाट केबिनपाशीच सुरू होते आणि मैलभराच्या आतच, शेवटी तीव्र उतरून, नदी अरुंद होते त्या डोहापाशी नेते. जुने रेंजर इथे मासे धरायचे, त्यावरूनच हे नाव. खडक शेवाळलेले असतात, मुलांचा हात सोडू नका.

निघायच्या दिवशी तासभर हाताशी ठेवा. राख पूर्ण थंड झाल्याशिवाय उचलू नका, आणि उचललीत तर झाकणाच्या लोखंडी बादलीतच. जमीन झाडा, ओटा पुसा, कचरा गाडीत घाला. उरलेल्या काटक्या शेगडीशेजारी रचून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर भिजून आलेल्या माणसाला विस्तव पेटवता येईल. बऱ्याच केबिनमध्ये पाहुण्यांची वही असते, तिच्यात चार ओळी लिहा, मराठीत लिहिल्या तरी चालतील. खिडक्यांच्या कड्या लावा, दार ओढा, आणि कुलपाचे आकडे फिरवून ते नीट बसलंय ना, हे एकदा ओढून बघा.