गिराईकाचं काम गिराईकाच्याच खात्यात

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. कॉम्प्युटर एकच, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. पीकविम्याच्या गर्दीत एकदा ब्राउझरनं आधीच्या माणसाचा मोबाइल नंबर आपोआप भरला, माझी नजर चुकली, आणि ओटीपी गेला त्याच्याकडे. समोरचे काका फोन हातात धरून बसलेले, "माह्या मोबाइलवर त काहीच नाही आलं बाप्पा." तेव्हापासून गिराईकांची कामं मी वेगळ्या यूजरच्या नावानं करतो, तीही माझ्याच डेस्कटॉपवर, लॉगआउट न करता.

आधी यूजर बनवा. कमांड टर्मिनलमध्ये टाइप करायच्या, इथे त्यांचे उच्चार लिहितोय. 'सुडो' म्हणजे दुसऱ्या यूजरच्या अधिकारानं कमांड चालवणं, नुसतं असेल तर अ‍ॅडमिनच्या. टाइप करताना सगळी इंग्रजी लहान अक्षरं, फक्त सुटा '-एच' मोठा.

सुडो अ‍ॅडयूजर गिराईक

'एसयू' (यूजर बदलायची कमांड) करून या नावानं ब्राउझर उघडायला गेलात तर 'कॅनॉट ओपन डिस्प्ले' असं येतं. बिघाड काही नसतो. पडदा, कीबोर्ड, माऊस एक्स सर्व्हर नावाच्या प्रोग्रामच्या ताब्यात असतात. तो एका फाइलीतली गुप्त किल्ली बघूनच खिडकी उघडू देतो, आणि ती फाइल फक्त तुम्हालाच वाचता येते. म्हणून गिराईकाची ओळख सर्व्हरला आपणच करून द्यायची:

एक्सहोस्ट +एसआय:लोकलयूजर:गिराईक
सुडो -यू गिराईक -एच फायरफॉक्स

मोठा एच विसरू नका. त्यानं होम फोल्डर गिराईकाचंच धरलं जातं. नुसतं 'एक्सहोस्ट +' मात्र कोणी कितीही सांगितलं तरी टाकू नका. त्यानं तपासणीच बंद होते, दार सगळ्यांना उघडं.

संध्याकाळी अधिकच्या जागी वजा टाकून तीच एक्सहोस्टची ओळ चालवली की परवानगी गेली. पावत्या ज्याच्या त्याला दिल्यात ना, ते बघा. मग ब्राउझर बंद करून:

सुडो डीलयूजर --रिमूव्ह-होम गिराईक

आधारच्या प्रती, पासबुकाचे फोटो, साठलेले नंबर, सगळं फोल्डरसकट जातं. सकाळी यूजर नवा.

एक गोष्ट नीट समजून घ्या. यानं फाइली वेगळ्या राहतात, पडदा नाही. एकाच एक्स पडद्यावरचा एक प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेली बटणं वाचू शकतो. त्यामुळे कोणाच्या पेनड्राइव्हमधला अनोळखी प्रोग्राम मी असा कधीच चालवत नाही. फारच गरज पडली तर मेनूतून यूजर बदलून गिराईकाचं पूर्ण वेगळं लॉगिन उघडतो.