जर्मनीच्या पगारांवर रिसर्च करायचाय? आधी तासांचं बघा

थीसिसला जर्मनीचं लेबर मार्केट घेतलंत की जो तो म्हणतो, अरे डेटा भारी आहे तिकडचा. आहेच. पण त्यात काय नाहीये ते आधी बघा आणि मग प्रश्न ठरवा, उलटं केलंत तर अर्धं सेमिस्टर गेलंच समजा.

मेन डेटा दोन. एक न्यूरेम्बर्गच्या आयएबी या रोजगारावर रिसर्च करणाऱ्या संस्थेचा एसआयएबी, म्हणजे सोशल इन्शुरन्सच्या रेकॉर्डमधून काढलेलं २ टक्के लोकांचं सँपल, १९७५ पासूनचं, कोण कधी लागला, कधी सुटला, पगार किती, सगळं तारखेनिशी. दुसरा बर्लिनच्या डीआयडब्ल्यू या अर्थशास्त्राच्या संस्थेचा एसओईपी, हा घरोघरचा सर्व्हे, १९८४ पासून दरवर्षी, पूर्व जर्मनीत १९९० पासून. एसआयएबीत पगार कंपनीने कळवलेला असतो म्हणून आकड्यावर भरवसा ठेवता येतो, पण बेआम्टे म्हणजे कायमचे सरकारी अधिकारी नाहीत, स्वतःचा धंदावाले नाहीत, आणि मोठी गोची म्हणजे कामाचे तास नाहीत. फुलटाइम की पार्टटाइम एवढंच कळतं.

हे कुठे नडतं? १ जानेवारी २०१५ ला तिकडे मिनिमम वेज आलं, तासाला ८.५० युरो. आता डेटात एक पार्टटाइम बाई आहे, दिवसाचे ३० युरो. हा दिवस कॅलेंडरचा बरं का, रविवार धरून, म्हणजे आठवड्याचे २१०. ती २० तास करत असेल तर तासाला १०.५० पडले, ३० तास करत असेल तर ७. एकीकडे कायद्याने तिला काहीच फरक पडत नाही, दुसरीकडे कायदा तिच्यासाठीच आलाय, आणि रेकॉर्डमध्ये दोघी सारख्याच दिसतात!

मग काय करायचं, तर फुलटाइमवाल्यांपुरतं ठेवा, किंवा एसओईपीतून तास घ्या (लोक आठवून आणि राउंड करून सांगतात, ते चालवून घ्यायचं), किंवा माणूस सोडून जिल्हा धरा, २०१४ ला कुठे कमी पगारवाले किती होते त्यावरून दणका कुठे जास्त बसणार ते काढा आणि आधीचं-नंतरचं ताडून बघा. अर्थशास्त्रज्ञ डुस्टमान आणि मंडळींच्या याच मिनिमम वेजवरच्या २०२२ च्या पेपरमध्ये खालचे पगार वाढलेले दिसले, नोकऱ्या घटल्या नाहीत, आणि लोक जास्त पगार देणाऱ्या कंपन्यांकडे सरकले. हे शेवटचं दिसायला माणूस कंपनी बदलताना दिसावा लागतो, म्हणून माझं मत एसआयएबीसारख्या रेकॉर्डलाच.

वरच्या पगारांचं वेगळंच. हिस्टोग्राम काढा, उजव्या टोकाला भिंत उभी दिसेल. सोशल इन्शुरन्सचा हप्ता एका लिमिटपर्यंतच्याच पगारावर लागतो, म्हणून पगार त्याहून जास्त असला तरी डेटात लिमिटचाच आकडा असतो, २०१५ ला पश्चिमेत महिना ६०५० युरो, पूर्वेत ५२००. त्यामुळे इंजिनियर वगैरेंचा अ‍ॅव्हरेज काढू नका, मीडियन घ्या नाहीतर इम्प्युट करा, म्हणजे लिमिटवरचे पगार अंदाजाने भरा.

नियमांवर काम करायचं असेल तर कंपनीत माणसं किती यावरून लागू होणारे कायदे शोधा, म्हणजे कटऑफच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कंपन्या ताडून बघता येतात. कामावरून काढण्याविरुद्धचं संरक्षण, क्युंडिगुंग्सशुट्स, आधी ५ पेक्षा जास्त कामगार असले की लागायचं, १९९६ ला १० केलं, १९९९ ला परत ५, २००४ ला परत १०. रिसर्चवाल्याला अजून काय पाहिजे. पण यात पार्टटाइमवाला अर्धा किंवा पाऊण धरतात, ट्रेनी धरतच नाहीत, आणि २००४ चा बदल फक्त नव्याने लागलेल्यांना, त्यामुळे डेटातली नुसती डोकी मोजून कटऑफ लावलात तर चुकीच्या कंपन्या चुकीच्या बाजूला पडतात.

डेटाच्या अ‍ॅक्सेसचा अर्ज लवकर टाका आणि टेस्ट डेटावर कोड आधी चालवून घ्या, त्यातले आकडे खोटे असतात, फक्त कोड फुटत नाही ना ते बघायचं. आणि रिझल्टवरून कुणी माणूस ओळखता येत नाही ना हे तपासल्याशिवाय ते बाहेर सोडत नाहीत. मी एकदा जिल्हा, वय, धंदा असं सगळं एकाच टेबलात कोंबलं होतं, एकेका खान्यात दोन-तीन माणसं, आख्खं टेबल परत आलं आणि सबमिशनला चार दिवस राहिले होते.